शेततळ्यावरचं शवासन

गेल्या वर्षी जवळजवळ दहा महिने मी रोज सकाळी बावीस बायकांना फसवत होते. आता हे लिहिताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

अकोल्यात, जठारपेठेतल्या आमच्या घरापासून पाच मिनिटांवर एक मोकळं मैदान आहे. तिथे अकरा वर्षांपासून मी बायकांचा योगवर्ग घेते. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाले तेव्हा शिट्टी शाळेत जमा केली, पण आवाज घरी घेऊन आले आणि तो घरात मावेना. शेवटी नवराच म्हणाला, बाहेर काहीतरी सुरू कर. वर्गातल्या सगळ्या मला मॅडम म्हणतात. उशिरा आलेलीला मी पुढच्या रांगेत सतरंजी अंथरू देत नाही, आणि आसन चालू असताना सुनेची गोष्ट निघाली की सगळ्यांसमोर खडसावते. तरी त्या येतात. माझं मत असं की घरी त्यांच्यावर ओरडणारे पुष्कळ असतात, त्यांच्या भल्यासाठी ओरडणारं कोणी नसतं. त्यांचं मत मी कधी विचारलेलं नाही.

वर्ग एका ठरलेल्या वाक्याने सुरू होतो. "पाठ सरळ, खांदे सैल, डोळे मिटा." संपतो शवासनाने, तेव्हाही डोळे मिटा. मध्ये एका पायावर उभं राहायचं वृक्षासन असतं, त्यात ज्यांना जमेल त्यांनी डोळे मिटा. अकरा वर्षांत हे दोन शब्द किती वेळा तोंडून गेले असतील, देव जाणे. पण त्या दहा महिन्यांत मी ते नुसती म्हणायची आणि स्वतःचे डोळे टक्क उघडे ठेवायची. कारण डोळे मिटले की मी पडत होते.

सुरुवात मार्चमध्ये झाली. एका सकाळी जाग आली तर पंखा, कपाट आणि नवरा, तिघेही डावीकडून उजवीकडे पळत होते. तीन दिवस उलट्या. घरच्यांचं आणि शेजाऱ्यांचं निदान एकच: पित्त. आमच्याकडे डोकं दुखलं तरी पित्त आणि माणूस चिडला तरी पित्त. मी चिडते जास्त, त्यामुळे कोणाला शंकाही आली नाही. मोरावळा खाऊन झाला, लिंबाचं सरबत पिऊन झालं. चौथ्या दिवशी घर जागेवर थांबलं आणि मी मोठ्या तोऱ्यात मैदानावर जाऊन आले. पाचव्या दिवशी न्हाताना शिकेकाई डोळ्यांत जाऊ नये म्हणून डोळे मिटले, आणि पुढच्या क्षणी मी बादलीसकट जमिनीवर होते.

मग कान-नाक-घशाचे डॉक्टर झाले. तरुण होते, माझ्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही मुलाच्या वयाचे. त्यांनी मला पाय जुळवून उभं केलं, हात बाजूला ठेवायला सांगितले आणि म्हणाले, "आता डोळे मिटा." माझंच वाक्य मला कोणीतरी म्हणत होतं. मी मिटले आणि सरळ त्यांच्या अंगावर गेले. त्यांनी धरलं, बहुधा त्यांना सवय असावी.

"एका कानातली तोल सांभाळणारी नस आजारी पडून गेलीय," ते म्हणाले. "आता तिचं काम डोळे आणि पाय मिळून करतील. डोळे उघडे असतील तोवर तुम्ही ठीक आहात. अंधारात जपा, न्हाताना स्टुलावर बसा. पोहता का?"

"नाही."

"मग चांगलं. डोकं पाण्याखाली गेलं आणि डोळे मिटलेले असले, तर वर कुठे आणि खाली कुठे हे तुम्हाला कळणार नाही." त्यांनी मान हलवत चालायचे काही व्यायाम दिले. सुधारेल का, असं विचारलं तर म्हणाले, बरंच सुधारेल, किती ते मात्र सांगत नाही.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो पेपर वाचत होता. "मग क्लास बंद कर," म्हणाला. वाईट माणूस नाही तो. त्याला काळजीच वाटली असेल, आणि काळजी वाटली की त्याला पहिल्यांदा काहीतरी बंद करावंसं वाटतं, गॅस, खिडकी, मोटार. पण मला ते फार लागलं. क्लास बंद केला तर माझं काय उरणार होतं? आणि त्याहून जास्त लाज होती. जिचा स्वतःचा तोल राहत नाही ती बाई दुसऱ्यांना एका पायावर उभं करणार. हे बाहेर कळलं तर बावीस जणींपैकी बावीस उद्या दुसरीकडे जातील, आणि जायलाच पाहिजे, असं मला वाटत होतं. म्हणून ठरवलं, कोणाला काही सांगायचं नाही.

लपवणं अगदी सोपं निघालं, यातलं सगळ्यात वाईट तेच. समोरच्या सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझे उघडे आहेत हे बघणार कोण? त्या श्वास मोजत पडायच्या तेव्हा मी मैदानाच्या फाटकाकडे नजर लावून बसायची. फाटकापलीकडे रस्ता. दूधवाले जायचे, फिरायला निघालेली मंडळी जायची. कोणी एखादा थांबून आडव्या पडलेल्या बायकांकडे बघायला लागला की मी त्याच्याकडे बघायची, पंचवीस वर्षं मागच्या बाकावरच्या पोरांकडे बघितलं तशी, आणि तो पुढे जायचा. हिवाळ्यात सहा वाजता अंधार असतो आणि अंधारात माझे पाय भरकटायचे, म्हणून "थंडी फार आहे" असं कारण काढून मी वर्ग सातवर नेला. सगळ्यांनी माझे आभार मानले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जानेवारीत माझी भाची मध्ये पडली. धाकट्या बहिणीची मुलगी, अमरावतीला असते. तिने गोव्याला जाऊन पॅडल बोर्डवरचा योग शिकून घेतला होता. पॅडल बोर्ड म्हणजे हवा भरून फुगवायची लांबट फळी. ती पाण्यावर तरंगते, खरं तर तिच्यावर उभं राहून वल्हं मारत फिरायचं. पण ही मंडळी वल्हं बाजूला ठेवून तिच्यावर आसनं करतात. भाचीने अशा दोन फळ्या आणल्या होत्या. समुद्र कुठून आणायचा? तिच्या सासरची संत्र्याची बाग चांदूर रेल्वेच्या अलीकडे आहे आणि बागेत मोठं शेततळं आहे. त्या शेततळ्यावर ती रविवारी अमरावतीच्या बायांना शिकवायला लागली. एक दिवस तिने आमच्या वर्गाच्या, तिनेच बनवून दिलेल्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, मावशीचा वर्ग कधी येतोय?

आता आमच्या वर्गाची एक पद्धत सांगायला हवी. संक्रांत झाली की दरवर्षी हळदीकुंकवाचा विषय निघतो आणि दरवर्षी मी तो हाणून पाडते. वर्गात तिघींचे नवरे गेलेले आहेत, चार-पाच जणी बौद्ध घरांतल्या, त्यांच्याकडे हा प्रकारच नसतो. सात-आठ जणींना एका बाजूला बसवून उरलेल्यांना वाण वाटायचं हे मला पटत नाही. म्हणून आमच्याकडे तिळगूळ आणि एक दिवसाची सहल, सगळ्यांची. त्या वर्षी सहल कुठे न्यायची याचा निर्णय भाचीच्या व्हिडिओने एका दिवसात लावला. मी गुडघ्याचं कारण पुढे केलं. जठारपेठेत जिचं बांगड्यांचं दुकान आहे ती म्हणाली, "मॅडम, तुमी नसान तर आमी कोणाच्या भरोशावर पाण्यात जाऊ?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. भरोसा हा शब्द ऐकून मी तिकिटाचे पैसे काढले.

नऊ जणी निघाल्या. सकाळची पॅसेंजर, मूर्तिजापूरला चहा, बडनेऱ्याला आणखी एक चहा. बांगडीवाली सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं बोलत होती. तिच्याशेजारी सिस्टर, म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, वर्गातली सगळ्यात मोठी. तिला सगळे सिस्टरच म्हणतात, मीसुद्धा. खिडकीशी आमची सगळ्यात लहान, तिशीची असेल. एका शेतकरी कुटुंबातली सून, मुलांच्या शाळेसाठी सगळं खटलं अकोल्यात येऊन राहिलेलं. ती येऊन वर्ष होत आलं होतं आणि वर्षभरात मी तिच्या तोंडून "हो मॅडम" यापलीकडे काही ऐकलं नव्हतं. सहलीला कशी काय सोडली हिला घरच्यांनी, असं मला वाटलं. नंतर कळलं की तिने घरी "मॅडम आहेत सोबत" एवढंच सांगितलं होतं.

शेततळं बघून मी आधी भाचीवर ओरडून घेतलं. शेततळ्याच्या आत प्लॅस्टिकची पन्नी अंथरलेली असते, पाणी मुरू नये म्हणून. त्या पन्नीच्या उतारावर पाय पडला की माणूस घसरत आत जातं आणि बाहेर यायला धरायला काही सापडत नाही. आमच्याकडे लेकरांना शेततळ्याच्या काठावर उभं राहू देत नाहीत. भाचीने शांतपणे ऐकून घेतलं आणि दाखवलं. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर सोडलेले, ट्रॅक्टरच्या ट्यूब तरंगत ठेवलेल्या, एका बाजूला लाकडी शिडी पक्की बांधलेली आणि शिडीखाली पाण्यात फळ्यांचा ओटा. प्रत्येकीला लाइफ जॅकेट, त्याचे पट्टे तिने स्वतः ओढून बघितले. दोन्ही बोर्ड दोरांनी शिडीला बांधलेले, म्हणजे ते फार लांब जाणार नाहीत. ती स्वतः पूर्ण वेळ पाण्यात राहणार होती. मला बोलायला जागाच उरली नाही, हे मला फारसं आवडलं नाही.

मी काठापासून चार हात मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले. गुडघा धरून. झाडांवर मृग बहाराची संत्री पिकायला आली होती, उन्हात बागेचा वास येत होता, आणि मी ठरवलं होतं की इथून हलायचं नाही.

पहिल्यांदा बांगडीवाली आणि सिस्टर. बांगडीवाली बोर्डवर गुडघे टेकून बसली आणि बोर्डच्या कडा अशा धरल्या की बोर्डलाच पळून जायची भीती वाटली असेल. "हा तं जेवायचा पाट हाय व माय, फक्त खाली पाणी हाय," ती म्हणाली आणि आडवी झाली ती उठेना. सिस्टर मात्र दवाखान्यातल्या खाटेवर बसावं तशी बसली, पाठ ताठ. भाची छातीभर पाण्यात, त्या फळ्यांच्या ओट्यावर उभी राहून सांगत होती, "पाण्याकडे बघू नका. समोर पंपाची खोली आहे ना, तिच्या निळ्या दारावर नजर ठेवा. आणि डोळे मिटायचे नाहीत. बोर्डवर उभं असताना कोणीच डोळे मिटत नाही, मिटले की माणूस पाण्यात."

मी खुर्चीत बसून ऐकत होते. कोणीच मिटत नाही. हे ऐकून मला किती हलकं वाटलं ते कसं सांगू? दहा महिन्यांत पहिल्यांदा अशी जागा सापडली होती जिथे सगळ्यांनाच माझा नियम लागू होता. इथे लपवायचं काही नव्हतं. मी गुडघा सोडला आणि उठले.

"मावशी, तू?" भाची म्हणाली.

"का, मी काय म्हातारी झाले?"

डॉक्टरांचं वाक्य मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. पण डोकं पाण्याखाली जाईलच कशाला, असं मी स्वतःला समजावलं. शाळेतल्या पोरांनी हे कारण दिलं असतं तर मी त्यांना मैदानाला चार चकरा मारायला लावल्या असत्या.

आणि खरं सांगते, मला जमलं. पहिल्यांदा गुडघ्यांवर, मग एक पाय, मग दोन्ही पायांवर उभी. बोर्ड खाली हलत होता, पाय बारीक थरथरत होते, पण निळ्या दाराने मला धरून ठेवलं होतं. दहा महिने मी डोळ्यांच्याच आधाराने उभी राहत होते, त्याचा असा सराव झाला होता की बाकीच्या डुगडुगत होत्या आणि मी खांबासारखी. मी उजवा पाय उचलला, तळवा डाव्या मांडीला लावला, हात जोडून डोक्यावर नेले. वृक्षासन, पाण्यावर. काठावरून टाळ्या वाजल्या. बांगडीवाली म्हणाली, "पाहा, याले म्हणतात मॅडम."

त्या टाळ्यांनी घात केला. मला इतका आनंद झाला की मी आजार, डॉक्टर, सगळं विसरले. शेजारच्या बोर्डवर आमची ती न बोलणारी सून गुडघ्यांवर उभी होती. भाची पाण्यातूनच शिडीवरच्या कोणाचं तरी जॅकेट घट्ट करायला वळली होती. वर्ग समोर होता, शिकवायची खुमखुमी आली, आणि अकरा वर्षांचं वाक्य आपोआप तोंडातून बाहेर पडलं. "पाठ सरळ, खांदे सैल, डोळे मिटा."

आणि मी मिटले. बाकी कोणी काही विचार करायच्या आत माझे स्वतःचे मिटले. दोन क्षण फार छान गेले.

मग थंड पाणी. नाकात, कानात, तोंडात. मी घाबरून डोळे आणखी घट्ट मिटून घेतले आणि मला खरंच काही कळेना. वर कुठे, खाली कुठे, माझे पाय कुठल्या बाजूला. जिकडे वर वाटलं तिकडे जोराने हात मारले आणि हाताला उतारावरची बुळबुळीत पन्नी लागली. त्या क्षणी एकच विचार आला, की आपण दीड पुरुष खोल पाण्यात, नऊ बायांसमोर, खोट्यापायी मरणार. मग जॅकेटने मला वर ओढलं, ते आपलं काम करत होतं, मीच उलट्या दिशेला भांडत होते. भाचीने पट्टा धरला आणि ट्यूबवर टाकलं. चार-पाच सेकंदांचा प्रकार असेल सगळा.

डोळे उघडले तर बाजूला ती सूनही पाण्यात. मॅडम म्हणाल्या डोळे मिटा, म्हणून तिने मिटले होते. पण ती दोराला धरून हसत होती. तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

काठावर आम्हाला चादरीत गुंडाळलं, भाचीने थर्मासमधला चहा दिला. माझे दात वाजत होते. सिस्टरने माझी नाडी धरली, डोळ्यांत बघितलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तुमी वर यायच्या जागी खाली हात मारून राहिल्या होत्या. मी पाहिलं. काय हाय हे?"

पाय घसरला, असं म्हणायला जिभेवर तयार होतं. दहा महिन्यांत अशी बरीच वाक्यं तयार ठेवली होती मी. पण पाण्याखाली घाबरून इतकी रिकामी झाले होते की नवीन खोटं ठेवायला जागा नव्हती. शिवाय माझ्या सांगण्यावरून शेजारची बाई पाण्यात पडली होती. तिला काही झालं असतं तर? मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. मार्चमधली चक्कर, बादली, डॉक्टर, नस, उघडे डोळे, थंडीचं खोटं कारण. एका दमात सांगितलं, त्यांच्याकडे न बघता. शेवटी म्हटलं, "तर अशी आहे तुमची मॅडम. सोमवारपासून तुम्ही दुसरी कोणी बघा. मी शिकवण्याच्या लायकीची राहिले नाही."

पंपाच्या खोलीवर साळुंक्या भांडत होत्या.

मग बांगडीवाली म्हणाली, "मंग पित्त नोतं काय ते?"

सिस्टर आधी हसली, मग सगळ्याच. मीसुद्धा हसले आणि हसता हसता ठसका लागला. सिस्टरने पाठीवर थापट्या मारल्या. "कानाचं हाय तर कानाचं," ती म्हणाली. "मले डाव्या कानानं ऐकू येत नाही चार वर्सं झाले. वर्गात तुमी काय बोलता ते अर्धं समजत नाही, बाजूचीचं पाहून हात वर करतो. मी येनं सोडलं काय?"

मी म्हटलं, "तुमची गोष्ट वेगळी, सिस्टर. तुम्ही शिकायला येता. मी शिकवते. मी तुम्हाला एक सांगत होते आणि स्वतः दुसरं करत होते."

तेव्हा ती सून बोलली. ओल्या केसांची, चादरीत गुरफटून बसलेली. आवाज इतका हळू होता की सिस्टरने चांगला कान तिच्याकडे वळवला.

"मॅडम, तुमचे डोळे उघडे असतात हे मले माहीत होतं."

"कधीपासून?" मी विचारलं.

"पयल्या हप्त्यात मले लय भेव वाटे," ती म्हणाली. "मोकळं मैदान, बाजूले रस्ता, अन् तुमी म्हणता डोळे मिटून आडव्या पडा. म्हणून मी चोरून उघडले. फाटकापाशी एक माणूस थांबून पाहत होता. तुमी त्याच्याकडे पाहिलं. तो निंगून गेला. मले वाटलं, मॅडम राखण करून राहिल्या. मंग मी मिटले. दुसऱ्या दिवशी बी पाहिलं, तिसऱ्या दिवशी बी. तुमी रोज पाहतच होत्या. तवापासून मले भेव नाही वाटलं."

तिने चादर नीट केली. "आमच्या घरी चौदा माणसं हायेत, मॅडम. दिवसा डोळे मिटले का कोणी ना कोणी हाक मारते. माह्ये डोळे मिटतात ते तुमच्याच वर्गात."

मला हे असं घेता येईना. फसवून झाल्यावर वर शाबासकी कशी घ्यायची? मी म्हटलं, "अगं, मी राखण करत नव्हते. मी पडू नये म्हणून बघत होते. स्वतःसाठी."

"कायच्यासाठी का असेना," ती म्हणाली. "पाहत तं होत्या."

मी दहा महिने ज्याची लाज बाळगून होते, त्याच्या भरवशावर ही पोर रोज अर्धा तास निवांत पडत होती. माझी लबाडी त्यामुळे लबाडी राहिली नाही असं मी म्हणणार नाही. पण छातीवरचा धोंडा उतरला, हे खरं. इतकं बरं वाटलं की मी तिचा हात धरून बसले.

दुपारी रोडगे आणि वांग्याची भाजी झाली. सगळ्यांनी मिळून माझ्या वर्गाचा निकाल माझ्याच समोर लावून टाकला. सिस्टर म्हणाली, मॅडमनी मैदानाच्या कडेच्या झाडाला टेकून उभं राहायचं. बांगडीवाली म्हणाली, उभ्यानं डोळे मिटायचं आसन सगळ्यांसाठीच बंद, तिला ते कधी जमलंच नव्हतं. कोणी दुसरी मॅडम बघायचं नावही काढलं नाही.

निघायच्या आधी भाची म्हणाली, "शेवटचं शवासन राहिलं. पाठीवर पडून असतं, त्यात पडायची भीती नाही. मावशी, करतेस?"

मला करायचं नव्हतं. दहा महिन्यांत मी जमिनीवर पडूनही डोळे मिटले नव्हते. रात्री झोपतानासुद्धा दिवा चालू ठेवायची आणि झोप डोळ्यांवर येऊन पडेपर्यंत छताकडे बघत राहायची, कारण मिटले की पलंग एका बाजूला कलायला लागायचा. मी नाही म्हणणार इतक्यात ती सून उठली. तिने माझी खुर्ची उचलली, काठाशी आणून ठेवली आणि तिच्यावर बसली.

"तुमी पडा, मॅडम," ती म्हणाली. "मी पाहून राहिली."

भाचीने बोर्ड दोन्ही बाजूंनी शिडीला आवळून बांधला. मी जॅकेट घालून पाठीवर आडवी झाले. पाठीखाली पाणी बारीक हलत होतं. मान वळवून बघितलं तर ती खुर्चीत ताठ बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि माझ्याकडे नाही तर बागेच्या रस्त्याकडे बघत होती. मी बघते तशीच. रस्त्यावर कोणी नव्हतं, तरी ती बघत होती.

मी डोळे मिटले. बोर्ड डावीकडे कलल्यासारखा वाटला, मग जास्त कलला. हात कडेकडे गेले होते, ते मी परत पोटावर ठेवले. कलू दे म्हटलं. कोणीतरी बघतंय. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि आडवी असल्यामुळे ते दोन्हीकडून कानांत उतरलं, बऱ्या कानातही आणि आजारी कानातही. मी ते पुसायला उठले नाही.